मिस अर्लीनचं पंधरावं मोकळीकपत्र

पोर्ट अल्सीडमध्ये अर्लीन शेरामी ही कागदात कधी चूक न करणारी बाई म्हणून प्रसिद्ध होती, आणि ही प्रसिद्धी करण्यात सगळ्यात मोठा हात खुद्द अर्लीनचाच होता. बायूच्या, म्हणजे दलदलीतल्या खाडीच्या, संथ पाण्याला लागून तिचं घर, घराच्या पुढच्या खोलीत तिचं टेबल आणि टेबलावर पितळी शिक्का. लुइझियानात नोटरी म्हणजे नुसती सही बघून ठप्पा मारणारी बाई नव्हे. इथली नोटरी मृत्युपत्रं करते, जमिनीचे दस्त लिहिते, निम्मी वकीलच म्हणा ना. तिची परीक्षाही भलती अवघड. अर्लीन तीत पहिल्या फटक्यात पास झाली होती. हे आपण कुणाला सांगत नाही असं तिचं म्हणणं होतं. गावाचं म्हणणं असं, की ती कोळंबी सोलतानासुद्धा सांगते.

खरं तर कायद्याला त्या शिक्क्याची गरजच नव्हती. नोटरीची सही, नाव आणि नंबर एवढं पुरतं. पण शिक्का उठल्याशिवाय गावातल्या म्हाताऱ्यांना काम झाल्यासारखं वाटत नसे, आणि अर्लीनलाही वाटत नसे. ती तो इतक्या जोरात मारायची की शेजारच्या नेलविनच्या पार्लरमध्ये केसांना गुंडाळ्या लावून बसलेल्या बायका म्हणायच्या, "चला, कुणाचं तरी काहीतरी झालं."

तिच्या कामात एक काम असं होतं, ज्याचा तिला विशेष अभिमान होता. पोर सोळा वर्षांचं झालं की आईबाप आणि पोर असे तिघे मिळून नोटरीपुढे येऊ शकतात आणि दोन साक्षीदारांसमक्ष लिहून देऊ शकतात, की अमुक अमुक गोष्टी आता हे पोर स्वतःच्या सहीने करील. खोली भाड्याने घेईल, नोकरीचा करार करील, गाडी विकत घेईल. कागदावर जेवढं लिहिलं तेवढ्यापुरतं पोर मोठं. बाकी सगळ्या बाबतींत आपलं अजून लहानच. सगळीच मोकळीक हवी असेल तर जज्जाकडे जावं लागतं, पण आमच्या बायूवर कोर्टाची पायरी चढायची कुणाला हौस नाही. अर्लीनने बावीस वर्षांत अशी चौदा मोकळीकपत्रं केली होती. कुणाला स्वतःच्या नावावर बोट चालवायची होती, कुणी आजीपाशी राहायला जात होतं, एकाला तर फक्त बापापासून लांब कुठेही जायचं होतं.

प्रत्येक वेळी आई रडायची. प्रत्येक वेळी अर्लीन कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवायची आणि तेच भाषण करायची. "शा," ती म्हणायची, लाडाने इथे सगळ्यांनाच म्हणतात तसं, "अगं कागद आहे हा, मयत नव्हे. पोरगं काय चंद्रावर चाललंय? कर सही आणि नाक पूस." हे भाषण ती इतक्या सहज करायची, की पुढे ते आठवलं तरी तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटायची.

कारण पंधराव्या वेळी रडणारी आई तीच होती. रडलीही नाही नीट, रागावली. त्यातच सगळा घोटाळा झाला.

लिझेट तिची एकुलती एक. साडेसोळा वर्षांची पोर, पण शाळा वर्षभर आधी संपवून बसलेली. तिला वेल्डिंग शिकायचं होतं. नदीपलीकडे दोन तासांवर त्याची चांगली शाळा होती, प्रवेश मिळाला होता, राहायला खोलीही बघून झाली होती. पण घरमालकीण म्हणाली, पोर लहान आहे, करारावर आईची सही आण.

"मम्मा, एक सही," लिझेट स्वयंपाकघरात कागद घेऊन उभी राहिली.

"आज खोलीची सही. उद्या कशाची?"

"उद्या कशाचीच नाही. एकच सही आहे."

"आणि हात भाजून घेतलेस म्हणजे? डोळा गेला म्हणजे? शिवण शीक, नाहीतर नेलविनकडे केस कापायला शीक, चार पावलांवर आहे."

"तू रोबिशोच्या पोराला मोकळं केलंस. त्याला बुटाची नाडी बांधता येत नव्हती."

"त्याची आई समजूतदार होती!"

"तिला तूच समजावलंस. मग तुला कोण समजावणार?"

टेबलाशी अर्लीनचा नवरा विल्टन खेकडे फोडत बसला होता. तो टगबोटीवर काम करायचा, दोन आठवडे पाण्यावर आणि दोन आठवडे घरी. घरचे दोन आठवडे तो बायको म्हणेल त्याला हो म्हणायचा आणि मुलगी म्हणेल त्यालाही हो म्हणायचा. कुणाला म्हणजे कुणालाही त्याने आजवर दुखावलं नव्हतं, आणि त्याचा काही उपयोगही झाला नव्हता.

"विल्टन, तू काहीतरी बोल," अर्लीन म्हणाली.

"दोघींचंही बरोबर आहे," विल्टन म्हणाला आणि नांगीतलं मांस काढायला लागला.

लिझेटने करार टेबलावर ठेवला. "खोलीच्या कागदावर सही करायची नसेल तर नको करूस. मला मोकळं कर. तुझ्याच शिक्क्याने. मग मी माझ्या सह्या मीच करीन."

हे ऐकून शहाणी बाई गप्प बसली असती. निदान भाताखालचा गॅस तरी बंद केला असता. अर्लीनच्या नाकाचा शेंडा लाल झाला आणि ती म्हणाली, "करते! आत्ताच्या आत्ता करते. उद्या म्हणू नकोस की मम्माने अडवलं."

मग दहा मिनिटांत सगळं उरकलं. शेजारून नेलविनला बोलावलं, नेलविनबरोबर गुंडाळ्या लावलेली मिस ओझीत आली. दोन साक्षीदार झाले. अर्लीनने नेहमीचा मजकूर कॉम्प्युटरवर काढला, मोकळ्या जागांत नावं भरली आणि उभ्या उभ्या एका दमात वाचून दाखवला. खोली भाड्याने घेणे, शिक्षणाचा व नोकरीचा करार करणे, बँकेत खातं उघडणे, वाहन खरेदी करणे. आईच्या जागी आईने सही केली, बापाच्या जागी बापाने, लेकीच्या जागी लेकीने. साक्षीदारांनी केली. शेवटी नोटरीच्या जागी नोटरीने केली आणि शिक्का असा हाणला की टेबलावरचा कप उडाला. भात करपला होता. मिस ओझीत म्हणाली, "छान झालं हं," आणि परत जाऊन ड्रायरखाली बसली.

आठवड्याने लिझेट गेली. जाताना तिने मोकळीकपत्राची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेतली आणि आईला मिठी मारली. ती मिठी अर्लीनला फार औपचारिक वाटली. घर रिकामं झालं आणि अर्लीनला कळलं, की ज्या चौदा बायकांना तिने नाक पुसायला सांगितलं होतं, त्या नाक पुसून घरी गेल्यावर काय करत असतील याचा तिने बावीस वर्षांत एकदाही विचार केला नव्हता. तिला त्यांची लाज वाटली. एकीला तर तिने दुकानात बघितलं आणि दुसऱ्या रांगेत वळली.

शनिवारी सकाळी गावच्या वाचनालयात अर्लीन नोटरीच्या परीक्षेला बसणाऱ्यांची शिकवणी घ्यायची. सातआठ जण यायचे. त्यात क्लोव्हिस म्हणून एक निवृत्त स्कूलबस ड्रायव्हर होता, तीनदा नापास झालेला आणि तरी खचून न गेलेला. लिझेट जाऊन तीन आठवडे झाले होते तेव्हाची ही गोष्ट. क्लोव्हिसने हात वर केला.

"मिस अर्लीन, एक शंका. नोटरीचं स्वतःचंच काम असेल, म्हणजे दस्तात तीच एक पक्ष असेल, तर तिने स्वतःच शिक्का मारला तर चालतो का?"

"अहो क्लोव्हिस," अर्लीन हसली, "हे काय विचारणं झालं? पहिल्या पानावरची गोष्ट आहे ही. आपणच आपल्यापुढे हजर व्हायचं आणि आपणच आपली सही खरी म्हणायची? तो दस्तच होत नाही. नुसता कागद. अशी चूक करायला माणूस किती मठ्ठ..."

तिथे ती थांबली. क्लोव्हिसने पेन उचलून विचारलं, "मठ्ठ, पुढे काय लिहू?"

"एवढंच लिहा," अर्लीन म्हणाली आणि डोकं दुखतंय म्हणून तिने शिकवणी आटोपली.

घरी येऊन तिने फाईल काढली. वर लिहिलं होतं: माझ्यासमोर, म्हणजे नोटरी अर्लीन शेरामी हिच्यासमोर, हजर झाली अर्लीन शेरामी, आई. खाली आईच्या जागी अर्लीन शेरामी. त्याच्याखाली नोटरी म्हणून अर्लीन शेरामी. आणि वर शिक्का, ठसठशीत. पहिल्या फटक्यात पास झालेली बाई! तिने पान उलटं करून पाहिलं, जणू मागच्या बाजूला काही वेगळं लिहिलेलं असेल. मग ती खुर्चीत बसून हसली. हसताना तिच्या लक्षात आलं की आपण नुसत्या हसत नाही, आपल्याला आनंद झालाय.

पोरगी मोकळी झालीच नव्हती. तिकडे नदीपलीकडे ती स्वतःच्या सहीने खोलीत राहत होती, पण कायद्याने ती अजून जशीच्या तशी अर्लीनची होती. हे जगात फक्त अर्लीनला ठाऊक होतं. त्या संध्याकाळी तिने कोळंबीचे वडे तळले आणि तळताना गुणगुणली. विल्टनने विचारलं, "आज काय आहे?" तर म्हणाली, "काही नाही, तू खा."

दीड वर्षाचा तर प्रश्न आहे, असं तिने मनाशी ठरवलं. अठरा पूर्ण झाले की कागदाची गरजच उरणार नाही. तोवर मूग गिळून बसायचं. पण अर्लीनचं स्वतःशी भांडण सुरू झालं आणि त्यात नोटरीही तीच आणि साक्षीदारही तीच. ही खरंच चूक झाली, की हाताने मुद्दाम केली? चूक म्हणावी तर मी मूर्ख, मुद्दाम म्हणावं तर मी लबाड. निवड बाई, एक काहीतरी निवड. तिने मूर्ख निवडलं. तरी आरशात बघताना ते पुरतं पटत नव्हतं.

पुढच्या रविवारी लिझेट दुपारच्या जेवणाला आली. मनगटावर ठिणग्यांचे बारीक डाग होते, नखं काळी होती, आणि ती इतकी बोलत होती की अर्लीनला तिच्या ताटात रस्सा वाढायला फट मिळेना. वर्गात ती एकटीच मुलगी होती. मास्तर म्हणाला होता, तुझा जोड बघून वाटत नाही की तू महिनाभरच शिकतेस.

"आणि मम्मा, तो कागद मी फ्रेम करून घेतला. पलंगाच्या वर लावलाय."

अर्लीनचा चमचा थांबला. "कुठला कागद?"

"आपला. मुलं विचारतात, आईने सोडलं कसं? मी म्हणते, बघा, हा माझ्या आईचा शिक्का आहे. दुसऱ्या कुणाची आई असं करील का?" ती जरा थांबली आणि ताटात बघत म्हणाली, "मला वाटलं होतं तू शेवटपर्यंत अडवशील. मी ते सगळं चिडून बोलले होते. पण तू खरंच केलंस."

विल्टन म्हणाला, "दोघींचंही बरोबर होतं." त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

"आणि खरी बातमी तर पुढेच आहे," लिझेट म्हणाली. "जहाजाच्या कारखान्यात मला उमेदवारीवर घेतायत. शिकत शिकत काम. मंगळवारी करार आहे. त्यांच्या वकिलाने मोकळीकपत्राची प्रत मागितलीय, ती दिली की झालं."

अर्लीनने हातातला घास ताटात ठेवला. वकील कितीही आळशी असला तरी एकाच पानावर एकच नाव चारदा आलेलं त्याला दिसणारच. तो हसेल, ते तर ठीकच. पण पोरीपुढे कागद परत सरकवून म्हणेल, "बाळ, आईला घेऊन ये." आणि ती जागा दुसऱ्या कुणाला तरी जाईल. गप्प राहिलं तर पोरगी परत येईल. नेलविनकडे केस कापायला शिकेल. चार पावलांवर. हे सगळं अर्लीनच्या डोक्यात आलं, आणि आलं एवढंच नाही, तिला ते काही क्षण फार गोड वाटलं. त्या गोडीचीच तिला भीती वाटली.

"लिझेट," ती म्हणाली, "तो कागद द्यायचा नाही. तो चालणार नाही."

"का? तुझा एखादा स्वल्पविराम राहिला की काय?"

"स्वल्पविराम नाही, मीच. मीच माझ्यापुढे हजर झाले आणि मीच माझी सही खरी म्हणाले. नोटरीला स्वतःच्या कामात शिक्का मारता येत नाही. तो कागद कागदच नाही गं. तू मोकळी झालीच नाहीस."

लिझेटने रुमालाने हात पुसले. सावकाश, एकेक बोट. "तुला कधी कळलं?"

"काल आठ दिवस झाले."

"आणि आठ दिवस..."

"वडे तळत होते."

"मुद्दाम केलंस तू हे?"

नाही म्हणायला अर्लीनने तोंड उघडलं होतं. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "देवाशपथ माहीत नाही. राग आला होता. आणि तू जावंस असं मला वाटत नव्हतं. अजूनही वाटत नाही."

या वेळी विल्टन दोघींचं बरोबर आहे असं म्हणाला नाही. मग लिझेट उठली, ताट मोरीत ठेवलं आणि पाठमोरीच म्हणाली, "दुरुस्त कर."

"मला नाही करता येत. तेच तर सांगतेय. दुसरा नोटरी लागेल."

गावात दुसरा नोटरी एकच होता, ओव्हीद पित्री. त्याच्या दस्तांतल्या चुका शोधून काढणं हा अर्लीनचा वीस वर्षांचा छंद. मागे त्याने एका मृत्युपत्रात मेलेल्या माणसाला साक्षीदार केलं होतं, ती गोष्ट तिने इतक्यांदा सांगितली होती की ओव्हीद तिला चर्चमध्ये पाहून बाक बदलायचा. सोमवारी सकाळी तिघे त्याच्या ऑफिसात जाऊन उभे राहिले तेव्हा त्याने अर्लीनचा जुना कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, आणि पुन्हा वाचला. त्याला घाई नव्हती.

"नोटरी अर्लीनसमोर," तो म्हणाला, "हजर झाली अर्लीन. वा! ओळखपत्र बघितलंस का गं तिचं?"

"बोल बाबा, बोल. तुझा दिवस आहे."

"माझ्या मेलेल्या साक्षीदाराने निदान दुसऱ्याच्या कागदावर सही केली होती."

त्याने नवीन मोकळीकपत्र तयार केलं. हळूहळू, दोन बोटांनी टाइप करत. मग मोठ्याने वाचलं. स्वतः वाचताना अर्लीनला तो मजकूर कधी लांब वाटला नव्हता. आज ऐकताना एकेक कलम संपेना. खोली. शिक्षण. नोकरी. बँक. गाडी. ओव्हीदने कागद तिच्यापुढे ठेवला, पेन दिलं. लिझेट खुर्चीच्या कडेवर बसली होती. तिने आईकडे बघायचं टाळलं होतं, सबंध सकाळभर.

अर्लीनने सवयीने कागदावरून नजर फिरवली. आणि तिला दिसलं. तिच्या नावात एक अक्षर चुकलं होतं. पहिल्या ओळीत एक अर्लीन आणि खाली भलतीच अर्लीन. ओव्हीदला दिसलं नव्हतं, त्याच्या ऑफिसातले दोन साक्षीदार तर वाचतच नव्हते. एवढ्याने दस्त बुडत नाही, हे तिला ठाऊक होतं. पण कारखान्याच्या वकिलाने बोट ठेवलं तर मंगळवारचं काम लांबणीवर पडेल, हेही ठाऊक होतं. आणि या वेळी चूक तिची नसणार, ओव्हीदची असणार. तिला फक्त सही करायची होती.

पेन तिच्या हातात होतं. बायूवरून एक बोट जाईस्तोवर ती तशीच बसून राहिली.

"ओव्हीद," ती म्हणाली, "तिसऱ्या ओळीत माझं नाव चुकलंय. काढ पुन्हा."

"तू आयुष्यात कधी सुधारणार नाहीस!"

"काढ म्हणते ना. नीट काढ. कुणाला बोट घालायला जागा राहता कामा नये."

ओव्हीद कुरकुरत कॉम्प्युटरकडे वळला. लिझेटने तेव्हा पहिल्यांदा मान वर करून आईकडे पाहिलं. तिला कळलं होतं. तिने कागदी रुमालांचा डबा ओव्हीदच्या टेबलावरून उचलून आईपुढे ठेवला. अर्लीनने सही केली आणि नाक पुसलं. ते पुसायला बराच वेळ लागला.

मंगळवारी करार झाला. नंतरच्या शनिवारी दुपारी लिझेट पुन्हा आली. या वेळी मागच्या दाराने स्वयंपाकघरात आली नाही. पुढच्या दारावरची घंटी वाजवून ऑफिसात आली. बरोबर नेलविन होती, तिच्या जुन्या पिकअपचे कागद घेऊन.

"मिस अर्लीन," लिझेट म्हणाली, "मी ही गाडी घेतेय. नोटरी पाहिजे."

"ओव्हीद उघडा आहे," अर्लीन म्हणाली.

"मला आमची नोटरी पाहिजे. गाडी नेलविनची, घेणार मी. तू या कागदात कुठे आहेस?"

अर्लीनने कागद वाचला. वरपासून खालपर्यंत वाचला. विकणारी नेलविन, घेणारी लिझेट, सही तिची तिने करायची. आईची सही कुठेच लागत नव्हती. "नाही," ती म्हणाली. "मी कुठेच नाही."

"मग तुझा शिक्का चालतो ना?"

"आता चालतो."

ती खुर्चीत सरळ बसली आणि समोर येणाऱ्या प्रत्येक माणसापुढे करते तसा हात पुढे केला. लिझेटने तिचं लायसन्स त्या हातावर ठेवलं. अर्लीनने चष्मा लावून नाव वाचलं, पत्ता वाचला. नदीपलीकडचा होता. मग तिने जन्मतारीख वाचली, बरोबर आहे की नाही ते पुन्हा एकदा पाहिलं, आणि वहीत उतरून घेतली.